काचेपलीकडचा गोबरा

बेबी, तुझा दादा उद्या सकाळी बाजारात जाणार आहे. तुझ्यासाठी गोबरा मासा आणायला.

सुतक फिटलं. घर धुवून घेतलं, तुझी चादर धुतली, गॅलरीत वाळत टाकली. उद्या पहिल्यांदा घरात मासे शिजतील. आपल्याकडे त्या दिवशी पहिलं पान गेलेल्या माणसाच्या नावाने वाढतात, त्याच्या आवडीचं, आणि गच्चीवर नेऊन ठेवतात. कावळा शिवला की मग घरातली माणसं जेवतात. तुझ्या आईच्या वेळी ते पान तू वाढलं होतंस. तळलेला बांगडा आणि सोलकढी. पान ठेवून मागे वळतेस न वळतेस तोच कावळा आला, तेव्हा तू म्हणाली होतीस, "म्हातारीला दम कधी होता?" रडणारे लोक हसायला लागले होते.

उद्या तुझं पान मी वाढायचं आहे. आणि दादा म्हणतो, "गोबऱ्याचं डोकं आणतो. मासेवाल्या मावशीला सांगून ठेवलंय बाजारात. गालाचं मांस बेबीचं."

तुमचे बाबा गिरणीत होते तेव्हा पगार झाला की कधीतरी गोबऱ्याचं डोकं आणायचे, आणि त्याच्या गालांतलं मऊ मांस काढून तुला भरवायचे. दादा शेजारी बसून बघायचा. ही गोष्ट तू गेल्यापासून तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो आणि सांगताना त्याचा आवाज फाटतो. म्हणून आज मला तोंड उघडता आलं नाही. दिवाळीपासून तू माशाचा एक घास खाल्ला नव्हतास, हे त्याला माहीत नाही. या घरात ते फक्त मला माहीत आहे.

मी चौथीपर्यंत शिकले, लिहायची मला सवय नाही. पण बोलायची तर त्याहून नाही. आजवर माझं जे बोलायचं असायचं ते तू बोललीस. लग्न होऊन मी वाकोल्याच्या त्या जुन्या खोलीत आले तेव्हा पहिल्याच दिवशी पंगतीत तू ओरडली होतीस, "अगो वैनीला भात वाढा, तिची भूक तिच्या डोळ्यांत दिसता." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण भात मिळाला. नंतर तुझं लग्न झालं, मोडलं, तू बॅग घेऊन परत आलीस, आणि दारातच म्हणालीस, "मी आले. आता रडारड नको, चहा टाका." तेव्हापासून आपण दोघी एका ओट्यापाशी, ऑफिसवाल्यांचे डबे करत. मला वाटायचं माझा आवाज म्हणजे तूच. आता तू नाहीस, तर हा कागद.

त्या मत्स्यालयात आपण गेलोच नसतो तर, असं मी रोज म्हणते. आणि मग म्हणते, नाही, गेलो ते बरं झालं. दोन्ही खरं वाटतं.

दिवाळीत रेश्माला तिच्या मॉलमधल्या कामावरून पास मिळाले होते. "आई, आत्या, तुम्ही दोघी जा. मालाडच्या बाजूला नवीन झालंय, खूप मोठं आहे. मला सुट्टी नाही." तू म्हणालीस, "मासे बघायला मालाडला? खाली बाजारात फुकट बघायला मिळतात." पण तूच आधी तयार होऊन बसलीस. अबोली रंगाची साडी, वर गजरा.

आत काळोख आणि गारठा. सुरुवातीला लहान लहान काचा होत्या. तुझं तोंड सुरू. पाटीवर शार्क लिहिलेलं, तुझ्यासाठी ती मोरी.

"वैनी, ही बघ मोरी! हिचं वाटप लावून सुकं केलं तर आपले ऑफिसवाले डबा चाटतील."

"हळू बोल गं."

"ही पाकट बघ केवढी. ताजी फडफडीत."

"जिवंत आहे ती, बेबी."

"मग त्याहून ताजी काय असते?"

पुढची बाई वळून बघायला लागली. मी तुझा पदर ओढला. तू त्या बाईलाच विचारलंस, "तुम्ही खाता?" ती मानेने नाही म्हणाली. "मग तुम्हाला काय दिसणार," म्हणून तू पुढे गेलीस. माझं हसू मला आवरेना.

मग तो काचेचा बोगदा आला. दोन्ही बाजूंना पाणी, डोक्यावर पाणी. आपण समुद्राच्या तळाशी चालतोय आणि मासे वरून जातायत. आपण जन्मभर मासा वरून पाहिला. परातीत, विळीवर, तव्यात. त्याचं पोट असं वरून सरकत जाताना कधी पाहिलं नव्हतं. पांढरं, मऊ, श्वास घेतल्यासारखं हलणारं. आणि त्या बोगद्यात माणसं किती गप्प झाली होती, आठवतं? शाळेची पोरं दंगा करत आली होती, ती खाली बसली आणि माना वर करून बघत राहिली. एका बाईचं तान्हं मूल मघापासून रडत होतं, ते थांबलं आणि दोन्ही हात वर करून निळा उजेड धरायला लागलं. एका म्हातारीने चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं, तिच्या तिने काढल्या आणि हात जोडून उभी राहिली. त्या जागेत काहीतरी आहे. माणूस किती लहान आणि किती नशीबवान, दोन्ही एकदम कळतं.

तू म्हणालीस, "देवळात पण लोक एवढे गप्प बसत नाहीत." मग थोडं थांबून म्हणालीस, "वैनी, मेल्यावर असंच दिसत असेल काय गो? आपण खाली, आणि बाकीचे वरून आपापल्या कामाला चाललेत. आपल्याला नुसती त्यांची पोटं दिसतायत."

"काहीतरी बोलू नको," मी म्हटलं. बेबी, आता मी रोज गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते तेव्हा पायांखाली बघते. तूच घालून ठेवलंस हे माझ्या डोक्यात.

बोगदा संपला आणि ती मोठी काच आली, भिंतीएवढी. तिथे तो होता. लांबून, पार मागच्या काळोखातून तो सरळ तुझ्याकडे आला. अंगावर डाग, खालचा ओठ जाड आणि पुढे आलेला, रागावलेल्या म्हाताऱ्यासारखा. तू ओरडलीस, "गोबरा! वैनी, गोबरा!" तू डावीकडे सरकलीस तर तो डावीकडे. उजवीकडे गेलीस तर उजवीकडे. शाळेची पोरं हसायला लागली. "आजी, तो तुम्हाला ओळखतो!" तू कमरेवर हात ठेवून त्याला म्हणालीस, "ओळखणारच. काय रे, तुझ्या आजाचे गाल खाल्लेत मी." सगळी पोरं खिदळली.

मग तो अगदी काचेला लागला. नुसते पंख हलत होते. तोंड उघडायचं, मिटायचं. त्याचा एक डोळा तुझ्यावर होता. तो डोळा तुझ्या केसांपासून खाली उतरला, पायांपर्यंत गेला आणि परत वर आला. मी पाहिलं ते. तुझं हसणं थांबलं. तू काचेवर हात ठेवलास तरी तो हलला नाही. पोरं निघून गेली, तरी तू उभीच. मी म्हटलं, "चल ना." तू माझ्याकडे न बघता, गावाकडच्या बोलीत, तू घाबरलीस की बोलायचीस तशी, म्हणालीस:

"वैनी, तेना माका मोजल्यान."

शिंपी टेप न लावता नुसतं बघून माप घेतो ना, तसं.

थोड्या वेळाने एक मुलगी पाण्याचा पोशाख घालून त्या मोठ्या काचेत उतरली. पाठीवर नळकांडं. ती माशांना हाताने भरवत होती. गोबरा तिच्या हातातून खात होता, तिच्या दंडाला घासून जात होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर ती बाहेर आली, केस ओले, अंगावर टॉवेल, आणि म्हणाली, "कुणाला काही विचारायचंय?" माझ्या मनात एक प्रश्न आला होता. तो तुला माझ्या तोंडावर दिसला. "विचार ना गो!" तू मला कोपराने ढकललंस. मी तुझ्यामागे सरकले. एवढे लोक. शेवटी तूच हात वर केलास.

"माझी वैनी विचारते, तो मासा आपल्याला बघतो, की काचेत स्वतःला बघतो?"

ती मुलगी हसली नाही. म्हणाली, "खरं सांगू मावशी? मला पण हाच प्रश्न पडतो. आतल्या बाजूने काच कधी आरशासारखी दिसते, कधी नाही. मला नाही माहीत." मग टॉवेलने कान पुसत म्हणाली, "पण हा गोबरा सगळ्यांपाशी थांबत नाही. काही माणसांपाशीच थांबतो."

बसमध्ये तू खिडकीकडे तोंड करून बसली होतीस. गजरा काढून हातात धरला होतास. मी विचारलं, काय झालं. तू म्हणालीस, "किती चांगला प्रश्न होता तुझा. आणि तू विचारला नाहीस. मी किती दिवस विचारणार तुझे प्रश्न?"

त्या रविवारी दादाने सुरमई आणली. तू तळलीस, सगळ्यांना वाढलीस, तुकडा हातात घेतलास आणि परत ताटात ठेवलास. दादा टीव्ही बघत होता. तू तो तुकडा भाताखाली लपवलास आणि भातासकट माझ्या ताटात सरकवलास. मला वाटलं पोट बरं नसेल. भांडी घासताना तू सांगितलंस, "मला आता नाही जाणार गो. तो डोळा येतो पुढे."

"तो गोबरा होता. ही सुरमई."

"सुरमईशी बोललीस कधी तू? तिला डोळा नसतो?"

"मग दादाला सांग. सरळ सांग, मी सोडले."

तू नळ बंद केलास. "सांगू? बाबांचं विसरलीस?"

मी कशी विसरेन. बाबांनी एका रविवारी ताट बाजूला सारलं, म्हणाले, मासा नको. त्यानंतर महिनाभरात ते गेले. तेव्हापासून या घरात ते पक्कं झालं, आपल्या माणसाने मासे सोडले की ते माणूस राहत नाही. दादाला ताप आला तरी तो माशाचा एक तुकडा तोंडात घालतो, औषध घेतल्यासारखा. मी तुला त्या दिवशी म्हटलं, "बाबा आजारी होते म्हणून त्यांना मासा जात नव्हता. मासा सोडला म्हणून ते गेले नाहीत."

"हे तुझ्या नवऱ्यासमोर बोल."

मी घासणी परत हातात घेतली.

"बघ," तू म्हणालीस. "मग खा माझा तुकडा."

आणि मी खाल्ला. बुधवार, शुक्रवार, रविवार. तुझ्या ताटातून माझ्या ताटात. रेश्मा म्हणायला लागली, आई, तू गोल होत चाललीस. तू म्हणायचीस, "सुखी माणूस जाडच होतो." डब्यांची तर वेगळीच गंमत. ऑफिसच्या डब्यांतलं माशाचं तिकलं, कालवण सगळं तुझ्या हाताचं, पण आता तू चाखत नव्हतीस. नुसता वास घेऊन मीठ घालायचीस. एकदा तिकल्यात मीठ पडलंच नाही. दादा स्कूटरवरून डबे पोचवून आला तो तोंड पाडून. "बेबे, सगळ्यांचे फोन आले. तुझ्या हाताला झालं काय?" तू खवणीवरून मान वर न करता म्हणालीस, "वैनीला विचार. आज तिने केलं." मी मान डोलावली. दादा माझ्याकडे नुसता बघत राहिला, की ही आणि तिकलं? त्या दिवसापासून मी चाखायचे आणि तू माझ्या तोंडाकडे बघून ओळखायचीस, मीठ कमी की जास्त. माझ्या तोंडावरचं वाचायला तुला कधीच अडचण आली नाही.

पण तो वाद संपला नाही, बेबी. मी म्हणायचे, सांग. तू म्हणायचीस, तू सांग. मग दोघी हसायचो आणि विषय तिथेच राहायचा. जिना चढताना तुला दम लागायला लागला. दादाने तुला डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या. मी तुझ्या गोळ्या मोजायचे आणि तुझ्या ताटातले मासे खायचे, आणि मनात म्हणायचे, हा फक्त दम आहे. बाकी काही नाही.

होळीनंतर तू म्हणालीस, चल, परत जाऊ त्याला बघायला. आपण गेलो. बोगद्यात तू थांबत थांबत चाललीस, काचेला हात टेकत. मोठ्या काचेपाशी बाकावर बसलो. तो आला नाही. मागे दगडांच्या कपारीत त्याचं शेपूट दिसत होतं, एवढंच. तू वाट बघितलीस. मी म्हटलं, झोपला असेल. लोक पांगले, दिवे कमी करायला लागले. तू उठलीस, पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "आता कशाला येईल? माप तर आधीच घेतलंय."

मी तुझ्यावर रागावले. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यावर ओरडले, त्या रिकाम्या जागेत माझा आवाज घुमला. तू माझ्याकडे बघितलंस आणि खूश होऊन हसलीस. "आहे गो तुला आवाज."

पुढच्याच बुधवारी सकाळी तू नारळ खवत होतीस. म्हणालीस, "वैनी, जरा पाणी." मी तांब्या घेऊन वळले तोवर तू भिंतीला टेकली होतीस, मांडीवर अर्धी वाटी तशीच. परातीत बांगडे होते, धुवायचे राहिलेले.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. दादाला ते पटलं नाही. पटलं, पण पुरलं नाही. तो रोज विचारतो, "काही बोलली होती का? काही खूण? आपल्या घरात खूण मिळते. बाबांच्या वेळी मिळाली होती." मी नाही म्हणून मान हलवते. मला सांग, मी काय करू? सांगितलं तर तो म्हणेल, खूण तुझ्या ताटात होती आणि तू ती खात होतीस. नाही सांगितलं तर उद्या गोबऱ्याचे गाल तुझ्या पानात पडतील. ज्याने तुला बघितलं त्याच्याच जातीचे. मग कावळा येईल? आणि नाही आला तर दादा काय समजेल? तू अडकून राहशील त्या पानापाशी, जेवता येत नाही आणि जाता येत नाही. मला तुझं तसं होऊ द्यायचं नाही.

आत्ताच मी काळे वाटाणे भिजत घातले. का घातले ते विचारू नकोस. मला अजून ठरवता आलेलं नाही.

***

वरचं काल लिहिलं होतं. आता आजचं सांगते.

दादा सकाळीच बाजारातून आला. पिशवीतून कागदात गुंडाळलेलं डोकं काढून त्याने परातीत ठेवलं. केवढं मोठं, बेबी. परात भरली. जाड ओठ, तोंड अर्धं उघडं, डोळा वर. डोळा माझ्याकडे. दादा म्हणाला, "बघ, असं मिळत नाही रोज. तिचं नशीब." त्याचे डोळे भरले होते. मुलुंडचे काका आणि काकी आधीच येऊन बसले होते, बाहेर रेश्मा त्यांना चहा देत होती.

मी हात धुतले. पाणी सोडलं. त्या डोळ्यावर पाणी पडत राहिलं, तो मिटत नाही ना. मी विळी घेतली, खाली ठेवली. परत घेतली. मला कोपराने ढकलायला कुणी नव्हतं. मला त्या बोगद्यातली म्हातारी आठवली, चपला काढणारी. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी ओले हात घेऊन बाहेर गेले आणि म्हटलं, "बेबीच्या पानात मासा वाढायचा नाही."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. "कोण बोललं? सूनबाई बोलली काय?"

दादा उभा राहिला. "काय म्हणालीस?"

"बेबी मासे खायची नाही. दिवाळीपासून."

"वेडी आहेस का? माझ्यासमोर जेवायची ती."

"तिचा तुकडा मी खायचे."

रेश्मा चटकन म्हणाली, "म्हणून तू..." आणि तिने तोंडावर हात ठेवला. दादा खुर्चीत बसला. हळूहळू त्याला ते कळत गेलं, मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. दिवाळी. दम. बुधवार. मग तो अगदी हळू म्हणाला, "बाबांनी पण सोडले होते." काकांनी मान खाली घातली. "तुला माहीत होतं आणि तू मला..."

बेबी, मग मी बोलले. इतके महिने ओट्यापाशी तुझ्याशी बोलले ते सगळं. बाबा आजारी होते म्हणून त्यांना मासा गेला नाही. मासा सोडला म्हणून ते गेले नाहीत. बेबीचं हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं, आपण गोळ्या आणल्या, दिल्या. तिने मासे सोडले ते मरायचं म्हणून नाही. तिने एक मासा जवळून पाहिला. जिवंत. त्याने तिला पाहिलं. त्यानंतर तिला जाईना. एवढंच होतं. तुम्हाला त्रास नको म्हणून ती बोलली नाही.

'तेना माका मोजल्यान' हे मी सांगितलं नाही. ते आपल्या दोघींचं.

काका म्हणाले, "मासा बघून मासे सोडले? मालवणी माणसाने?" काकींनी त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली, "गप बसा हो."

मी आत गेले. काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं, वडे तळले, भात, सोलकढी. सांबाऱ्यात मीठ मी वासावर घातलं. चाखलं नाही, तुझं पान आधी उष्टं कसं करणार. रेश्माने केळीचं पान धरलं, मी वाढलं, आम्ही दोघी गच्चीवर गेलो. दादा जिन्यात थांबला, वर आला नाही.

कावळे टाकीवर बसले होते. मी पान ठेवलं, पाणी फिरवलं आणि मनात नाही, मोठ्याने म्हटलं, "बेबी, यात मासा नाही. जेव." एक कावळा उतरला, मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं, वडा उचलला आणि गेला. लगेच. तुझ्या आईसारखंच, दम नाही. रेश्मा रडायला लागली. मी पायांखाली बघितलं आणि वर पण बघितलं. तू कुठल्या बाजूला आहेस मला माहीत नाही, पण तुझं पोट भरलं.

हे सगळं इथे थांबलं असतं तर मी आज झोपले असते.

खाली येऊन मी सगळ्यांची पानं वाढली. तोवर काकींनी गोबऱ्याचं तिकलं केलं होतं, टाकून थोडंच देणार. गालाचं मांस मी वाटीत घालून दादाला वाढलं. लहानपणी तो बघत बसायचा ना, म्हणून. त्याने ताटाकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग वाटी बोटाने हळूच बाजूला सारली.

"मला नको."

काकांचा घास हातात राहिला. रेश्माने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "एक तुकडा खा." माझा आवाज मला ओळखू आला नाही.

"नको म्हटलं ना. आज जात नाही." मग वरणभात कालवत, कुणाकडेच न बघता त्याने विचारलं, "कुठे आहे ते मत्स्यालय?"

"मालाडला."

"रविवारी जाऊ. मला तो मासा बघायचाय."

आता सगळे गेलेत. दादा गॅलरीत तुझ्या चादरीशेजारी बसलाय, वाटी ओट्यावर तशीच आहे, झाकून ठेवलेली. तुझे तुकडे मी खात होते. याचा मला खाववत नाही.

बेबी, मी तुला समजावलं होतं, मी त्याला समजावलं, मी काकांसमोर बोलले, आणि आता बघ, मीच त्या वाटीकडे बघून घाबरते. त्याला नेणार नाही असं म्हणता येणार नाही. तो एकटा जाईल, ते आणखी वाईट. आणि त्यानेही तो बोगदा बघावा असं मला वाटतं, खरंच वाटतं. तू जे पाहिलंस ते त्याने पाहावं. पोरं खाली बसतात ते, म्हातारी चपला काढते ते. तुझ्या दादाने जन्मभर स्कूटर आणि डबे सोडून काय पाहिलंय?

पण मोठ्या काचेपाशी मी त्याच्या पुढे उभी राहणार आहे. त्याच्या आणि काचेच्या मध्ये. गोबरा मागच्या काळोखातून आला, सरळ आला, तर मी हलणार नाही. तो आपल्याला बघतो की स्वतःला, हे मला अजून कळलेलं नाही. आतून ऐकू येतं का, तेही माहीत नाही. पण भरल्या गर्दीत, शाळेच्या पोरांसमोर, मी काचेवर हात ठेवीन आणि त्याला तुझ्या बोलीत सांगेन, मोठ्याने:

"ह्येका मोजू नको."